नकाशेबाईंना आलेली धमकी

माझी नजर घारीची, कान सशाचे आणि बुद्धी... बुद्धीला अजून तोलामोलाचा प्राणी सापडलेला नाही. पोटासाठी मी भूमापन कार्यालयात आवक-जावक सांभाळतो. पण हाडाचा मी गुप्तहेर. हे फक्त मला ठाऊक आहे, यावरूनच किती गुप्त ते कळावं.

बुधवारी सकाळी नकाशेबाई माझ्या टेबलाशी आल्या. सगळ्या गावाचे नकाशे त्यांच्या हातचे. निवृत्तीला उरलेले सात महिने. हातात राजीनामा.

"हा आवक करून घ्या," त्या म्हणाल्या. "मला धमकी आली आहे."

मी हर्षभरित झालो. चेहरा मात्र गंभीर ठेवला.

सोमवारपासून संगणक सुरू केला की त्यांच्या पडद्यावर मजकूर उमटे. तो त्यांनी वहीत उतरवून आणला होता : 'आपल्या प्रत्येक हालचालीवर लक्ष ठेवले जात आहे. गैरवापर केल्यास कायदेशीर कारवाई केली जाईल.' खाली एकच बटण : 'मान्य आहे'.

"मान्य कसं करू? काय केलंय तेच आठवत नाही," बाई म्हणाल्या. "एकदा खोडरबर घरी नेला होता. पण परत आणला हो!"

तीन दिवस बाई नुसत्या त्या पडद्यासमोर बसून होत्या.

"कोणी करणी तर केली नसेल ना?"

"करणी नाही बाई, कर्मणी!" मी ताडकन उठलो. "लक्ष 'ठेवले जात आहे', कारवाई 'केली जाईल'. कर्ता गायब! स्वतः काहीच न करता सगळं 'केलं जाईल' म्हणणारा या कार्यालयात एकच माणूस आहे. आपले साहेब!"

मी साहेबांवर पाळत ठेवली. दुपारी ते चोरपावलांनी नकाशांच्या खोलीत शिरले. मी दार ढकललं. साहेब जुन्या नकाशांच्या गुंडाळीवर डोकं ठेवून घोरत होते. हा माणूस कोणाच्याच हालचालीवर लक्ष ठेवत नव्हता, स्वतःच्यासुद्धा.

मग संशय शेजारच्या टेबलावरच्या टंकलेखकावर. मजकुरात एकही चूक नसल्यामुळे तो तत्काळ निर्दोष सुटला.

"म्हणजे परकी टोळी!" मी जाहीर केलं. "त्यांना नकाशे हवेत. बाई, तुम्ही तासाभरात वेशांतर करा!"

"अहो भाऊ, पाय उचला," टेबलाखालून सफाईच्या मावशी म्हणाल्या. "आणि ती पाटी तर सगळ्यांनाच येते."

"कोणती पाटी?"

"तीच, लक्ष ठेवल्याची. सोमवारपासून पडदे पुसताना बघतेय. तुमच्यालाही येते. तुम्ही न बघताच बटण दाबता."

"अशक्य! माझ्या घारीच्या नजरेतून..."

मावशींनी माझा संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. आणि आली पाटी. मान्य आहे, मी तीन दिवस 'मान्य आहे' म्हणत होतो.

"मला एकटीला नाही?" बाईंनी विचारलं. मग त्या मटकन खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. राजीनामा फाडला, चार तुकडे केले. "पण भाऊ, पूर्ण वाचा बरं. खाली बारीक अक्षरांत अजून आहे."

मी मोठ्यानं वाचलं : "कार्यालयीन संगणकावर खासगी मजकूर आढळल्यास..."

टंकलेखकानं घाईघाईनं काहीतरी पुसायला घेतलं. नकाशांच्या खोलीतून साहेब धावत आले. चौदा प्रकरणांची कादंबरी निघाली त्यांच्या संगणकात. मी माझ्या महान तपासांचे एकोणतीस अहवाल एकेक करून कचरापेटीत टाकत होतो. मान वर करायची कोणाची हिंमत नव्हती.

त्या दिवशी सगळ्या कार्यालयात काम एकट्या नकाशेबाईंनी केलं. सहा वाजता तीन दिवसांचे नकाशे संपवून, पर्स खांद्याला लावून, त्या दारात थांबल्या.

"मावशी," त्या म्हणाल्या, "चला, निघू या. यांना उशीर होईलसं दिसतंय."