चिखलाचा रकाना

आमच्या भागातल्या गाड्या धुण्याच्या केंद्रात चिखल आढळला, ही बातमी वरिष्ठ कार्यालयात पोहोचली तेव्हा तिथे गंभीर वातावरण पसरले. गाड्या धुतात तिथे चिखल नाही तर काय अत्तर सापडणार, असे कुणीही विचारले नाही. ताबडतोब एक तपासनीस नेमण्यात आला आणि त्याच्या हाती बारा रकान्यांचा तक्ता देण्यात आला. फरशीवरील चिखल, भिंतीवरील शिंतोडे, जाळीतील गाळ वगैरे. किती गाड्या धुतल्या, याला मात्र रकाना नव्हता. तीन तपासण्यांत चिखल आढळल्यास परवाना रद्द होणार होता.

केंद्र होते बाईंचे, पण चालवायचे मामा. बावीस वर्षे माणूस गमबूट घालून एकाच जागी उभा राहिला की तो आपोआप सगळ्यांचा मामा होतो. उच्च दाबाच्या पंपाची बंदूक त्यांनी हातात घेतली की चाकाच्या आतल्या बाजूला दडलेला चिखलही मुकाट्याने खाली उतरायचा. मी गाडी त्यांच्या ताब्यात देऊन बिनघोर वर्तमानपत्र उघडत असे.

पहिल्या तपासणीला मामा एक टेम्पो धूत होते.

"हे काय आहे?" तपासनीसाने फरशीकडे बोट दाखवले.

"चिखल, साहेब."

"आला कुठून?"

"टेम्पोवरून."

"टेम्पोचा रकाना नाही माझ्याकडे. फरशीचा आहे," असे म्हणून त्याने पहिला शेरा मारला.

बाईंनी धसका घेतला. प्रत्येक गाडीनंतर केंद्रही धुवायचे, असा हुकूम सुटला आणि त्यासाठी दुप्पट दाबाचा नवा पंप आला. त्या पंपापुढे फरशीवर चिखल उरणे शक्यच नव्हते. तो भिंतीवर जाई, भिंतीवर धार मारली की छतावर जाई. गाडीला वीस मिनिटे आणि केंद्राला दीड तास लागू लागला. मामांच्या नाकी नऊ आले, बाहेरची रांग वळणापर्यंत गेली. दुसऱ्या तपासणीला फरशी इतकी लखलखीत होती की तपासनीस चक्क हसला. तेवढ्यात छतावरून एक काळा थेंब त्याच्या तक्त्यावर पडला, तोही नेमका छताच्या रकान्यात. शेरा लिहिण्याचेही कष्ट त्याला पडले नाहीत.

"मामा, परवाना गेला तर तुमचंही आटोपलं आणि माझंही," बाई म्हणाल्या.

"अहो बाई, गाडी मळते म्हणून तर ती आपल्याकडे येते."

"तिथंच तर घोळ आहे ना!"

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली : केंद्रात फक्त स्वच्छ गाड्याच आणाव्यात. मला वाटले, लोक पाटी वाचून पोट धरून हसतील. लोकांनी पाटी वाचली आणि ते गाड्या घरून धुऊन आणू लागले. धुतलेली गाडी आत जाई, काचेवर 'स्वच्छ वाहन' अशी चिकटपट्टी लागे आणि दोन मिनिटांत ती बाहेर येई. रांग संपली. काय झटपट काम करतात हो, असे जो तो म्हणू लागला. केंद्राला मीही पाच तारे दिले.

तिसऱ्या तपासणीच्या आदल्या दिवशी फरशीवर दोन ठसे दिसले. ते मामांच्या गमबुटांचे होते.

"तपासणी होईपर्यंत येऊ नका, मामा," बाई त्यांची नजर चुकवत म्हणाल्या.

तपासणीत केंद्र पहिले आले. बाराही रकाने कोरे राहण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून या व्यवस्थेत काहीही बदल करू नये असे कार्यालयाने लेखी कळवले. बदल करायचा नाही म्हटल्यावर मामांना परत घेता येईना. बावीस वर्षांचा माणूस दोन ठशांपायी घरी बसला.

घरी बसून भागेना, तेव्हा मामा बादली आणि फडके घेऊन दारोदार गाड्या धुऊ लागले. एका सकाळी ते माझ्या दारात आले. मला वाईट वाटले, अगदी मनापासून वाटले. त्यांनी खिशातून एक अर्ज काढला.

"एवढी सही करा. गाड्या धुवायला माणूस लागतो, इतकंच लिहिलंय. पन्नास सह्या झाल्या तर कार्यालयाला दाखवून परत घेते म्हणाल्यात बाई."

"अहो मामा, माझ्या एकट्याच्या सहीनं काय होणार? आधी गाडी उरकून घ्या. मला केंद्रावर जायचंय."

त्यांनी अर्जाची घडी खिशात घातली आणि गाडी आरशासारखी करून दिली. दारात थोडा चिखल साचला होता.

"जाताना तेवढं धुऊन टाका हं," मी म्हणालो. "कुणी पाहिलं तर बरं दिसत नाही."

केंद्रावर पोहोचलो तर माझ्या मागे तुमची गाडी होती. तिच्या चाकांवरून अजून पाणी ठिबकत होते, म्हणजे मामा तुमच्याकडेही येऊन गेले होते. आपण एकमेकांकडे बघून ओळखीचे हसलो. मी मनात म्हटले, माझी राहिली तर राहिली, यांनी नक्की सही केली असणार. तुम्हीही माझ्याबद्दल तेच म्हणत होता ना?