पन्नास ताटांचा पक्का रंग

जोतीराम पेंटरचा रंग धातूवर टिकत नाही, हे एव्हाना अख्ख्या शुक्रवार पेठेला ठाऊक झालं होतं. गेल्या साली मठाच्या ताटांवर त्याने छापलेला नंदी पहिल्याच पंगतीत वरणात उतरला होता. तेव्हापासून बिचारा दुकानात माशा मारत बसे. आणखी एक काम फसलं, तर दुकानाला कुलूपच!

म्हणून पस्तीस सालच्या उन्हाळ्यात मैंदर्गीचे तेलाचे व्यापारी सिद्धप्पा पायरी चढले, तेव्हा त्याला खरंच वाटेना.

"वैद्यानं आमच्या वडलांना, आप्पांना, दोनच दिस दिल्यात," सिद्धप्पा डोळे पुसत म्हणाले. "त्यांच्या नावानं मठाला पन्नास पितळी ताटं द्यायची हायत. नंदी आन् खाली 'लिंगैक्य शिवलिंगप्पा'. वारल्यावर आमच्यात तसंच लिहित्यात. आप्पा गेलं की निरोप धाडतो, तवा छाप. पाचव्या दिवसाच्या पंगतीला ताटं पायजेत."

"मग कसं व्हायचं, मालक? रंग पक्का व्हायला आठ दिस लागत्यात. आदीच छापाय पायजे."

सिद्धप्पांनी जरा विचार केला. "मग छाप की."

जोतीरामने या खेपेला जिवाचं रान केलं. ताटं वाळूने घासली, चिंचेने धुतली. चौकटीवर ताणलेल्या रेशमी कापडातून रंग दाबला, वर वार्निश दिलं आणि पाववाल्याच्या निवत्या भट्टीत ताटं तीनदा भाजली. बायकोने, रंभाबाईने, राख घेऊन काथ्याने घासून पाहिलं.

"हात गेलं माजं, पर नंदीचं शिंग बी हललं न्हाय!"

त्या दिवशी जोतीराम पोटभर जेवला.

नवव्या दिवशी सिद्धप्पा पडलेल्या चेहऱ्याने आले. "आप्पा उठून बसलं. दोन भाकरी खाल्ल्या."

"लई झ्याक झालं की!"

"कसलं झ्याक? तो पैला शब्द खोड आदी! आप्पा मागनं येत्यात."

मग रॉकेल झालं, सोडा झाला, विटेचा तुकडा झाला. पितळ झिजलं, शब्द तसाच. जोतीरामला रडू येत होतं आणि मनातून थोडा अभिमानही वाटत होता.

तेवढ्यात काठी टेकत शिवलिंगप्पा आत आले. एक ताट उचलून त्यांनी स्वतःचं नाव वाचलं. सिद्धप्पा भिंतीला चिकटले. म्हाताऱ्याने पहिल्या शब्दावर नख ओढून पाहिलं.

"पक्कं काम हाय. आनखी पन्नास छाप. नंदी तोच, शब्द तोच. नाव तेवढं सिद्धप्पाचं."

जोतीरामने सवयीने विचारलं, "कवा लागत्याल, मालक?"

"घाई न्हाय. छापून ठेव. तुजा रंग टिकतोय की."