निळ्यावर निळं

टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपासून कचेरीपर्यंत एक तार येत असे. तिच्यावरून दर मिनिटाला एक अंक येई. गळती असेल तर एक, नसेल तर शून्य. टाकी धडधाकट असल्याने शून्यांची रांगच लागली आणि कचेरीतलं यंत्र मोजता मोजता पेंगू लागलं.

यंत्र सांभाळणाऱ्या बाईंनी उपाय काढला. खरे 'एक' तारेवरून येत ते आळीपाळीने, एकदा विजेच्या धन ठोक्याने, एकदा ऋण ठोक्याने. आठ शून्यं झाली की मुद्दाम मागच्याच चिन्हाचा 'एक' घुसवायचा. लागोपाठ दोन धन दिसले की यंत्र समजतं, हा खोटा. पण झोप उडते.

साहेब इतके खूश झाले की परिपत्रकच निघालं. 'आठ दिवस तक्रार न करणारा कर्मचारी हयात आहे किंवा कसे, हे समजण्यास मार्ग नाही. सबब त्याने एक खोटी तक्रार सादर करावी. खऱ्या तक्रारी आळीपाळीने निळ्या व काळ्या शाईत असाव्यात. मागच्याच शाईतील तक्रार खोटी समजून 'काही नाही' या फायलीस लावण्यात येईल.'

बाईंची मागची तक्रार पंख्याची होती, निळ्या शाईत. आणि टाकीला तडा गेला. अजून गळत नव्हती, म्हणून तार इमानाने शून्यच सांगत होती. टाकीच्या बरोब्बर खाली बाईंचं क्वार्टर. आत गुडघे आखडलेल्या सासूबाई.

बाई भांडारात धावल्या. "काळं पेन द्या हो."

"अर्ज द्या," भांडारपाल म्हणाला.

अर्ज निळ्यात लिहिला, कारणही लिहिलं: टाकीला तडा गेलाय. तो 'काही नाही'त गेला.

"माझं घरचं काळं पेन आणते मग!"

"खासगी शाई ग्राह्य नाही, बाई."

त्या थेट साहेबांकडे गेल्या. "साहेब, टाकी फुटेल!"

"तोंडी सांगताय? मग शाई कोणती धरायची?"

तिसऱ्या दिवशी टाकी फुटली. कचेरीत गुडघाभर पाणी. साहेब टेबलावर उकिडवे बसून ओरडले, "लेखी का नाही दिलंत?"

"दिलं होतं. निळ्यावर निळं."

"मग बरोबर आहे," साहेब निवांत झाले. "फायलीत काही नाही."

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई. "अगं, मी कपाटावर चढून बसलेय. तुझं तिकडे सगळं ठीक ना?"

"हो आई, ठीक," बाई सवयीने म्हणाल्या.

हसू नका. आज सकाळी तुम्हालाही कुणीतरी विचारलं असेल, कसं काय? तुम्हीही म्हणालात, मजेत. कालचीच शाई होती ना?