पुढची सीट

जुनी गाडी विकत घेतली की तिचा आधीचा मालक गाडीबरोबर येतो, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. तरी आमच्या ह्यांना ते मला पुन्हा समजावून सांगावं लागलं, कारण निवृत्त झाल्या झाल्या ह्यांच्या डोक्यात स्पोर्ट्स कार शिरली होती.

"नवी घ्यावी की सेकंडहँड?" हे रोज सकाळी चहाच्या कपाला विचारायचे. मी समोर बसलेली असायचे, पण प्रश्न कपाला.

आमच्या शेजारच्या शहापुऱ्यांनी फोर्थहँड गाडी घेतली तेव्हा बरोबर तीन जण आले. एक बँकेतले, एक मास्तर आणि एक नुसतेच. पेपर आधी बँकवाले वाचतात, मग मास्तर, आणि शहापुऱ्यांच्या हाती दुपारी येतो. प्रवासाला निघाले की तिघं गाडीत, शहापुरे चालवायला आणि बायको-मुलं मागून एसटीने. शहापुरे वहिनींनी अजून कोणाला उलट उत्तर केलेलं नाही, पण पोळ्या जाड व्हायला लागल्यात.

म्हणून जाहिरात नीट वाचावी लागते. 'डॉक्टरांची गाडी, सिंगल ओनर' असं असलं की भाव चढतो, कारण घरात डॉक्टर येतो. वकिलाची गाडी कोणी घेत नाही.

मला स्वतःला स्पोर्ट्स कार मनापासून पसंत होती. ती लाल होती म्हणून नाही. तिला मागची सीटच नव्हती म्हणून. आमच्या जुन्या गाडीत सासूबाई होत्या तोवर पुढची सीट त्यांची. त्या गेल्या तर त्यांच्या जागी ह्यांच्या ऑफिसच्या फायली बसायला लागल्या. मी कायम मागे, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन. दोनच सीटा असलेल्या गाडीत मला कोण मागे बसवणार? ह्यांच्या शेजारी बसून एकदा आंबोलीला जायचं, एवढंच माझं म्हणणं. ते मी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं.

आधी नवी बघायची ठरली. शोरूमवाले म्हणाले, जुनी द्या, किमतीत सूट मिळेल. जुनी गाडी माझ्या नावावर. घरच्या लक्ष्मीच्या नावावर असावी, असं तेव्हा हेच म्हणाले होते. म्हणजे ती गेली की मीही जाणार, हे ह्यांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल.

आम्ही गाडी शोरूमवर नेली, तिथे तपासणीला बागवान नावाचे गृहस्थ आले. अतिशय सभ्य माणूस. त्यांनी टायर दाबून पाहिले, बॉनेट उघडलं, मग माझ्याकडे वळले. "वहिनी, जरा उठून बसता का?"

मी उठले, बसले.

"गुडघ्यांतनं आवाज येतोय."

"थंडीत येतो," हे म्हणाले. "एकदा चालायला लागली की जातो."

"गरम होतात का?"

"होते. पण लगेच थंडही होते."

"आधी काही अपघात?"

"लग्न," मी म्हटलं. बागवानांनी ते लिहून घेतलं.

मग ते जरा संकोचून म्हणाले, "गाडी छान ठेवलीय. नुसत्या गाडीचा भाव चांगला आला असता. वहिनींसकट थोडा कमी येईल."

"कमी?" हे ताडकन उठले. मला वाटलं, आता ह्या माणसाला हाकलून देणार. "अहो बागवान, हिच्या हातची आमटी खाल्लीय का तुम्ही? थोडं वर सरका!"

मी पदराने तोंड पुसलं. रडू आलं होतं, दुसरं काय. आयुष्यभर ज्याच्या मागे बसले तो माणूस माझ्यावरून घासाघीस करत होता, आणि ती चांगली करत होता, हे आणखी वाईट.

घरी येताना मी मागेच बसले. हे आरशातून बघत म्हणाले, "दिलं नसतं गं मी तुला."

"वर सरकले असते तर?"

त्यावर ह्यांनी नुसताच हॉर्न वाजवला. रस्ता रिकामा होता.

मग जुनी बघितली. मिरजेचे डॉ. तांबवेकर, हाडांचे डॉक्टर, सिंगल ओनर. ते गाडीबरोबर बॅग भरूनच आले. आल्याबरोबर माझे गुडघे तपासले, व्यायाम सांगितले, आणि विचारलं, "तुमच्याकडे जेवायला साधारण कधी बसतात?" माणसात खोट काढायला जागा नव्हती. मी ओवाळायला ताट घेऊन फाटकाशी आले, तर हे चालवायला बसलेले आणि शेजारी डॉक्टर. पट्टा लावून.

"डॉक्टर, मी जरा बसू का?"

"बसला असतात, पण मला उतरता येत नाही," डॉक्टर खरोखर वाईट वाटून म्हणाले. "मी गाडीबरोबर आहे."

दोघं फिरून हसत परत आले. हे म्हणाले, "आंबोलीला जाऊ या! आम्ही पुढे होतो, तू एसटीने ये. स्टँडवर घ्यायला येतो तुला."

"घ्याल कशात?" मी विचारलं.

हे गाडीत डोकावले. मग पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "तुला पुढे बसायचं होतं होय? मग बोलायचंस ना!"

"बोलले असते तर सासूबाई उठल्या असत्या का?"

डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं. संध्याकाळी ते गाडीसकट मिरजेला परत गेले. व्यायामाचे पैसे घेतले नाहीत.

त्या रात्री मला झोप लागली नाही आणि सकाळी उपाय सापडला होता. आम्ही शोरूममध्ये गेलो. नवी कोरी लाल गाडी मी माझ्या नावावर घेतली. पैसे ह्यांच्या पीएफचे, सही माझी. शोरूमच्या फाटकाबाहेर आल्याबरोबर, रस्त्याच्या कडेला, मी ती ह्यांना विकली.

हे घासाघीस करायला लागले. "फाटकाबाहेर पडली की किंमत उतरते. शिवाय गुडघे."

"बरं, सोडले पाचशे," मी म्हटलं. गाडी ह्यांची झाली. सेकंडहँड, सिंगल ओनर.

आरटीओतल्या बाईंनी कागद वाचले. "आधीच्या मालक तुम्ही?"

"मी."

"मग तुम्ही गाडीबरोबर जाणार. बसणार कुठे?"

"पुढे," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं असावं, कारण रांगेतले सगळे वळले. बाईंनी शिक्का मारला.

जुनी गाडी अंगणात उभी आहे. ती मला घेतल्याशिवाय जाऊ शकत नाही आणि मी आता रिकामी नाही. तिच्या बॉनेटवर मिरच्या छान वाळतात.

परवा आंबोलीच्या घाटात चहाला थांबलो, तर एक तरुण गाडीभोवती फिरून फिरून बघत होता. "काका, विकणार का? तोंडाला येईल ती किंमत सांगा."

ह्यांनी काच खाली केली.

"विकली असती हो. पण हिची पहिली मालकीण ही, दुसरा मी. आम्ही दोघं बरोबर येणार. तुम्ही बसणार कुठे?"

तो आत डोकावला. एक सीट बघितली, दुसरी बघितली, आणि त्याला पटलं. "असं झालंय होय," म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

हे गाडी सुरू करायचे थांबले. "आता आपण काही सुटत नाही," म्हणाले.

"चला," मी म्हटलं, आणि सीट पार मागे सरकवून पाय लांब केले.