डचेसने गोळ्या खाल्ल्या

शरद ऋतूतल्या स्पर्धेत आपण फक्त स्वतःच्या हातांनी ओतलेल्या गोळ्या झाडणार आणि त्या झाडून मेहुण्याचं नाक कापणार, असं व्हर्लिन स्टिडमने नेमबाजी क्लबच्या नाश्त्याला भर पंगतीत जाहीर केलं, तेव्हा त्याच्या तोंडात अर्धं बिस्किट होतं. केंटकीच्या डोंगरात शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. ज्याने बर्फात बस चालू केली, त्याला चार शिशाचे तुकडे ओतणं काय अवघड, असा त्याचा हिशेब होता.

मेहुणा ड्वाइट दुकानातून गोळ्यांची खोकी आणायचा आणि बरी नेमबाजी करायचा. पण व्हर्लिनचं खरं वाजलं ते कोय मॅगार्डशी. कोय म्हणजे शेरीफचा डेप्युटी, तिथला पोलीस अंमलदार, आणि क्लबातला सगळ्यात पक्का नेमबाज. गोळी ओतायचा साचा घ्यायचा तर गोल तोंडाचा आणि वंगणासाठी एकच चर असलेला घे, असं कोयचं मत. व्हर्लिनला चपट्या तोंडाचा, दोन चरांचा साचा हवा होता. चपट्या तोंडाची गोळी कागदाला कसं स्वच्छ भोक पाडते, हे तो हाताने हवेत पाडून दाखवायचा. लोक मुलीसाठी स्थळ बघताना करत नाहीत इतकी चिकित्सा दोघांनी महिनाभर केली आणि शेवटी साच्याचं नाव काढायचंच नाही असं ठरवून बोलणं चालू ठेवलं. मग व्हर्लिनने गुपचूप आपल्या मनातला साचा मागवला.

राहिला प्रश्न वंगणाचा. वंगणाशिवाय शिसं बंदुकीच्या नळीला चिकटून बसतं. बाटलीतलं पातळ वंगण भांड्यात ओतून त्यात गोळ्या घोळवणं ही सोपी रीत. पण ती कोयची होती, म्हणून बाद. व्हर्लिनने जुनी रीत धरली. गोळ्या पसरट भांड्यात उभ्या करायच्या, वितळलेलं वंगण ओतायचं, थिजलं की एकेक गोळी कापून काढायची. मधमाश्यांचं मेण त्याच्याकडे होतं, पण ते फार कडक. ते मऊ करायला काहीतरी स्निग्ध पाहिजे होतं.

आणि चुलीशेजारच्या डब्यात बेकनची चरबी होती.

हा डबा त्याची बायको इमोजीनचा. रोजच्या बेकनमधून, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पट्ट्यांमधून, गळलेली चरबी ती गाळून, जपून त्यात साठवायची. तिच्या घेवड्याला आणि मक्याच्या पावाला जी चव यायची ती त्या डब्यातून. लग्नात मिळालेली भांडी तिने शेजारणींना उसनी दिली होती, पण हा डबा कुणाच्या हाती दिला नव्हता. इमोजीन केस कापून घ्यायला गेली होती. व्हर्लिनने डब्यातली निम्मी चरबी काढली, वरचा भाग चमच्याने सारखा केला आणि लगे हात तिचं केकचं भांडंही उचललं.

चर्चमध्ये भजनाला उभ्या राहिलेल्या माणसांसारख्या गोळ्या भांड्यात ओळीने उभ्या राहिल्या. त्याने वंगण ओतलं, भांडं थिजायला पडवीतल्या बाकड्यावर ठेवलं आणि स्वतःवर खूश होऊन कॉफी करायला आत गेला.

परत आला तर भांडं घासल्यासारखं लखलखत होतं. काही गोळ्या कोपऱ्यात आडव्या पडल्या होत्या. बाकीच्यांचा पत्ता नव्हता. बाकड्याखाली डचेस, म्हणजे इमोजीनची म्हातारी, जाडजूड बीगल कुत्री, मिशा चाटत पडली होती.

व्हर्लिनने उरलेल्या गोळ्या मोजल्या. तेवढ्यात इमोजीनची गाडी वाजली. त्याने भांडं एका पुठ्ठ्याखाली सरकवलं आणि डचेस जरा मलूल वाटते, डॉक्टरला दाखवून येऊ, एवढंच सांगितलं. वाटेत सगळं सांगून टाकायचं असं त्याने ठरवलं होतं. वाटेत इमोजीन डचेसला मांडीवर घेऊन लहान बाळाशी बोलावं तशी बोलत बसली. त्याचा धीरच झाला नाही.

जनावरांची डॉक्टर रेन्फ्रो ही व्हर्लिनने दुरुस्त केलेल्या बसनेच शाळेत गेलेली मुलगी. तिने एक्स-रे काढला आणि पडद्यावर लावला. डचेसच्या पोटात गोळ्यांचा खच दिसत होता. तिने कुत्रीच्या अंगावरचा केस न् केस विंचरून पाहिला; जखम कुठेच नव्हती.

इमोजीनला जखमेशी देणंघेणं नव्हतं. शेजारच्या होबार्टच्या कोंबड्यांमागे डचेस धावायची. त्यानेच गोळ्या घातल्या असणार. व्हर्लिन "अगं, थांब" म्हणेपर्यंत तिने शेरीफच्या कचेरीत फोन लावलासुद्धा. आणि कचेरीने पाठवला तो कोय मॅगार्ड.

कोयने टोपी काढली, इमोजीनची तक्रार ऐकून घेतली, होबार्टचं नाव मनात नोंदवलं आणि एक्स-रेसमोर गेला. बराच वेळ तो पडद्याला नाक लावून उभा होता.

"चपटं तोंड," तो सावकाश म्हणाला. "आणि दोन चर." मग वळला. "घेतलासच शेवटी तो साचा, व्हर्लिन?"

खोलीतल्या तिन्ही माना व्हर्लिनकडे वळल्या.

"तिने गोळ्या खाल्ल्या," व्हर्लिन पुटपुटला.

"ते दिसतंय आम्हाला," इमोजीनचा आवाज चिरका झाला. "घातल्या कुणी? तू?"

"घातल्या नाहीत गं. खाल्ल्या. तोंडाने."

डॉक्टर रेन्फ्रोने लगेच सुई भरायला घेतली. शिसं पोटात राहणं बरं नव्हे, उलटी करवायला हवी. पण गोळ्यांना काय लावलं होतं तेही तिला कळायला हवं होतं. "काका, खरं सांगा. विषारी काही?"

"मेण," व्हर्लिन म्हणाला. "आणि थोडी चरबी."

"कसली चरबी?" हे इमोजीनने विचारलं.

व्हर्लिनने छताकडे पाहिलं, मग कोयकडे पाहिलं. कोयने टोपी परत डोक्यावर घातली.

"तुझ्या डब्यातली."

इमोजीनने डचेसला जवळ ओढलं आणि व्हर्लिनकडे पाठ फिरवली. 

सुदैवाने डचेसने फार त्रास दिला नाही. गोळ्या एकेक करून स्टीलच्या ताटलीत खणखणत पडल्या. पुन्हा एक्स-रे निघाला, पोट स्वच्छ दिसलं. रक्त तपासायला परत आणा, तोवर पातळ भात द्या, असं डॉक्टरने सांगितलं. इमोजीन कुत्रीच्या कानात रडली. व्हर्लिनलाही रडावंसं वाटत होतं, पण त्याला तो हक्क उरला नव्हता.

कोयने हातमोजा चढवून एक गोळी उजेडात धरली. कडा रेखीव, बूड सपाट, कुठे सुरकुती नाही. "ओतकाम सुरेख आहे," तो नाइलाजाने म्हणाला, आणि तशाही प्रसंगात व्हर्लिनची छाती जराशी फुगली. "पण बेकनच्या चरबीत मीठ असतं, गड्या. नळी गंजून गेली असती. कुत्रीने तुझी बंदूक वाचवली."

त्यानंतर ओतकामाच्या सामानाला कुलूप लागलं, होबार्टकडे इमोजीनने कारण न सांगता मक्याचा पाव नेऊन दिला आणि व्हर्लिन कितीतरी दिवस कोरडा टोस्ट खात राहिला. मग एके दुपारी इमोजीनने त्याला बाजारातली सगळी वंगणं आणायला लावली. घट्ट झाकणं लावलेल्या बाटल्या आणि डब्या तिने पडवीत मांडल्या, डचेसचा पट्टा हातात गच्च धरला आणि तिला लांबूनच एकेक हुंगायला दिली. मेणाच्या डबीपाशी डचेसची शेपटी हलली; ती डबी बाद. तेलकट पांढऱ्या वडीपाशी तिने जीभ काढली, तीही बाद. शेवटच्या बाटलीपाशी ती शिंकली, तोंड फिरवून बसली आणि काही केल्या परत वळेना.

ती कोय वापरायचा त्याच पातळ वंगणाची बाटली होती.

स्पर्धेत व्हर्लिन ड्वाइटच्या एक पायरी खाली आला. निदान गोळ्या घरच्या होत्या. वंगण कुठलं वापरतोस, असं क्लबात नव्या पोरांनी विचारलं की तो घसा साफ करतो आणि सांगतो, बरीच तज्ज्ञ मंडळी झाली, शेवटी त्यातल्या सगळ्यात अनुभवी नाकाचा सल्ला घेतला. पोरांना वाटतं तो कोयबद्दल बोलतोय. कोयलाही तसंच वाटतं.