काळेबाईंची पुरवणी

काळेबाईंच्या गावात आग लागली तेव्हा आमच्या कॉलनीनं वर्गणी काढायचं ठरवलं होतं. बाई सकाळी दूध घ्यायला आल्या त्या तोंड पाडूनच. "चार घरं गेली, कडब्याची गंज गेली. माझंच चुकलं, विहीर लांब खांदली," म्हणाल्या. बायका हळहळल्या, कोणी घरातून जुन्या चादरी काढल्या. मी विचारलं, "कोणतं गाव, बाई? फुलंब्रीकडचं का?" तर बाई म्हणतात कशा, "नाय रे दिलीप. कॉम्प्युटरमधलं."

चादरी परत कपाटात गेल्या आणि अख्ख्या पडेगावात बाईंचं नाव झालं.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. यजमान गेले, मुलगा पुण्याला. मुलाचा लहानपणचा एक खेळ घरात राहिला होता, गाव वसवायचा. मुलगा मोठा होऊन तो विसरला, बाईंनी धरला. मी शेजारी, त्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्यामुळे हे सगळं लोढणं आपसूक माझ्याच गळ्यात.

बाई खेळत नाहीत, वर्ग घेतात. पडद्यावरच्या माणसांना त्यांनी नावं दिलेली, आणि दिवसभर त्यांना नावं ठेवतही असतात. "ह्यो बघ भिकाजी. सकाळधरनं झाडाखाली बसलाय. ह्याला काय कामधंदा हाय का नाय?" आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, पण बाईंच्या गावात पाट रोज वाहता. एकदा वैतागून मी म्हणालो, "बाई, आमच्या नळाचंही बघा की जरा." तर म्हणाल्या, "ते माझ्या माउसात नाय."

खेळाचे दोन भाग होते. मूळ खेळात नुसतं शहर: रस्ते, बाजार, कचेऱ्या. शेतं, विहिरी, पाट, झाडं हे सगळं नंतर निघालेल्या दुसऱ्या सीडीत, मूळ खेळाला जोडायचं. इंग्रजीत त्याला भारदस्त नाव आहे. बाईंनी ते एकदाच ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पुरवणी." त्या दिवसापासून मीही पुरवणीच म्हणतो.

पुढं जुना कॉम्प्युटर मेला. त्यातलं बाईंचं गाव मी कसंबसं काढून पेनड्राइव्हवर ठेवलं, पण सीडी चरे पडून बाद झालेली. इंटरनेटवरच्या एका दुकानात मूळ खेळ पुन्हा विकायला आला होता, तो मुलानं नव्या लॅपटॉपवर घेऊन दिला. पुरवणी मात्र तिथं नव्हती, आणि पुरवणीशिवाय बाईंचं गाव उघडेना.

"परीक्षेत पोरानं सगळी उत्तरं पुरवणीत लिहिली," बाई म्हणाल्या, "आन् पुरवणीच सुटून गेली."

मी म्हणालो, चोरीची कॉपी मिळते, चुटकीसरशी टाकून देतो. बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी छडी खायला हात पुढं करायचाच बाकी होतो. "जन्मभर कॉप्या पकडल्या मी. आता म्हातारपणी कॉपी लावू व्हय?"

झालं. तेव्हापासून मी शटर वर करतो न करतो तोच बाई हजर. "आली का पुरवणी?" इकडं गिऱ्हाईक उभं, त्याचा प्रिंटर उघडा पडलेला, आणि बाई स्टूल ओढून बसलेल्या. माझं डोकं उठायचं. "बाई, मूळ खेळ एका कंपनीचा. पुरवणी दुसऱ्या छोट्या कंपनीनं करून दिलेली, ती केव्हाच बंद पडली. त्यातली गाणी तिसऱ्याची. सगळ्यांच्या सह्या जमल्याशिवाय ती विकता येत नाही."

"मंग असं म्हण ना. जमीन एकाची, विहीर सामायिक, आन् रस्ता तिसऱ्याच्या बांधावरनं."

मी अर्धा तास घसा कोरडा केला होता, तो वाया गेला.

परवा मात्र खरंच बातमी आली. इंटरनेटवरच्या त्या दुकानाच्या चर्चेच्या पानावर छोट्या कंपनीच्या जुन्या मालकानं स्वतः लिहिलं होतं. बाकी सगळ्या सह्या झाल्या, एकच अडलीय. त्याचा भागीदार वारला, भागीदाराचा हिस्सा बहिणीकडं आला, आणि ती बहीण हक्क सोडल्याच्या कागदावर सही करत नाही. तुम्हीच तिला समजवा, असं त्यानं खेळणाऱ्यांना सांगितलं होतं, आणि लोकांनी त्या बाईला शिव्या घालायला सुरुवात केली होती. खाली तिचं दोन ओळींचं उत्तर होतं. पुरवणीतल्या शेतांची, विहिरींची, झाडांची चित्रं मी काढलीत. माझं नाव घाला, माझा हिस्सा द्या, लगेच सही करते.

मी हे सगळं बाईंना मराठीत सांगितलं आणि वर माझी अक्कल पाजळली. "कशाला अडून बसायचं? भाऊ तर गेला. एक सही टाकायची आणि मोकळं व्हायचं."

बाईंनी मला मधेच अडवलं. मग म्हणाल्या, "कागदाचं काय नाव सांगितलंस?"

"हक्क सोडल्याचा कागद."

"हक्कसोड म्हण. मी केलीय."

वडील गेल्यावर भाऊ गाडी घेऊन आले होते. फुलंब्रीला कचेरीत नेलं, येताना साडी घेतली. "ताई, सही कर, माहेर तुझंच हाय, म्हणले. मी शाळेची बाई. पोरांना सांगायची, वाचल्याबिगर सही करू नये. तिथं मी वाचलंबी नाय. समोर भाऊ दिसत होते." पुढं भावांनी शेत विकलं. विहीर बुजवली, चिंच तोडली, प्लॉट पडले. आता भावांचा दिवाळीलाही फोन येत नाही. "मंग ते शेत मी इथं मांडलं. विहीर, चिंच, बांधावरची वाट, सगळं जिथल्या तिथं. दुसरीकडं कुठं राह्यलंय ते?"

मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मी समजत होतो, बाईंना खेळाचं वेड आहे.

"लिही तिला," बाई म्हणाल्या.

मी लगबगीनं कीबोर्ड ओढला. म्हटलं, आता बाई असं काही सांगतील की ती तिकडं विरघळून सही करून टाकेल. बाई शुद्धलेखन घालावं तशा सांगायला लागल्या.

"ताई, तुम्ही काढलेल्या विहिरीचं पाणी मी लई वर्षं शेताला दिलं. कुणी कितीबी बोललं तरी सही करू नका. आधी नाव, आधी हिस्सा. साडीवर भागवून घेऊ नका."

"साडीचं तिला कळणार नाही, बाई."

"कळंल."

माझी बोटं थांबली. "बाई, हिनं सही केली नाही तर तुमचं गाव कदाचित कधीच उघडणार नाही."

"ठाऊक हाय मला." बाई पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "मला बघायचंय रे ते. लई बघायचंय. पण तिच्या हिश्श्यावर पाय देऊन नाय जायचं मला तिथं. पुढं लिही. आम्ही थांबतो."

मी त्याचं इंग्रजी केलं, अर्थ पुन्हा मराठीत सांगितला. त्यांनी एका ठिकाणी अडवून 'विनंती' काढायला लावली. शेवटी मी सवयीनं खाली नाव टाकलं, सुमन काळे.

"ते नको," बाई म्हणाल्या. "माहेरचं लिही."

इतकी वर्षं शेजारी राहतोय, पण ते मला माहीतच नव्हतं. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं, सुमन रामराव जाधव. बाईंनी स्टूल पुढं सरकवलं आणि ते नाव एकेक अक्षर लावून वाचलं.

"बरोबर हाय," म्हणाल्या. "पाठव."