नेलपॉलिशचं सील

“पाह्य बे, म्हातारं डिकीची नाडी पाहून राह्यलं,” माझ्यामागे उभ्या असलेल्या दोघांपैकी एकजण म्हणाला आणि दुसरा फिसकन हसला.

मला राग आला, कारण तो खोटं बोलत नव्हता. मनोहरकाका खरोखरच एका पांढऱ्या गाडीच्या डिकीवर डावा तळहात टेकवून, डोळे मिटून उभे होते. आत सबवुफरचा मोठा स्पीकर धमधमत होता, दुकानातल्या फळीवरचे स्क्रू थरथरत होते. अर्ध्या मिनिटाने त्यांनी डोळे उघडले आणि गाडीवाल्यावर खेकसले, “बंद कर. रडून राह्यला तो आतमंदी. तुले गानं ऐकू येते, मले त्याचं रडनं समजते.”

मनोहरकाका आमचे शेजारी. जळगाव जामोदला बसस्टँडच्या रस्त्यावर त्यांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. मागच्या खोलीत ते एकटे राहतात. त्या खोलीची आणि आमच्या घराची भिंत एकच. त्यामुळे त्यांचा राग मी लहानपणापासून भिंतीतून ऐकत आले आहे. गिऱ्हाइकावर राग, मिक्सरवर राग, भाजीत मीठ जास्त झालं की स्वतःवरही राग, आणि तोही मोठ्याने.

गाडीत अँप्लिफायर बसवायला आलेल्या माणसाला ते आधी झापतात, मग बसायला स्टूल देतात. कोणी खोक्यावरचा आकडा दाखवला की म्हणतात, “पाच हजार वॅट? मंग गाडीत कायले लावतं, गावाले वीज दे.” खोक्यावरचा आकडा खोटा असतो, खरा आकडा आतल्या कागदावर बारीक अक्षरात असतो, हे त्यांचं ठाम मत. “अँप अन् वुफर म्हंजे बैलजोडी. एक दांडगा अन् एक मरतुकडा जुपला त दोघंबी मरतात.” मीटर लावून मोजल्याशिवाय ते एकही वायर जोडत नाहीत. बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज नको म्हणणाऱ्याला तर ते दुकानाची पायरी उतरायला लावतात.

आणि सगळं जुळलं की ते नेलपॉलिश काढतात. लाल. अँपवरचा आवाजाचा खटका जागेवर बसवला की त्यावर एक थेंब, वायरीच्या प्रत्येक जोडावर एक थेंब. हे त्यांचं सील. कोणी स्क्रू फिरवला की थेंब तडकतो आणि गिऱ्हाईक पकडलं जातं. एकदा ते स्वतः बाटली आणायला गेले, तर दुकानदाराने डोळे मिचकावून विचारलं, कोणासाठी हो काका? त्याच्याशी भांडून ते रिकाम्या हाताने परत आले. तेव्हापासून मी एकाच रंगाच्या दोन बाटल्या आणते. एक त्यांना, एक मला. माझी बहुतेक ड्रॉवरमध्येच असते.

ते मला ‘इंग्लिश’ म्हणतात. मी इंग्रजी शाळेत शिकले, आता तसल्याच एका शाळेत लहान मुलांना शिकवते, एवढाच माझा त्यांना उपयोग. अँपबरोबर आलेला इंग्रजी कागद घेऊन ते आमच्या दारात येतात. “ओ इंग्लिश, वाच.” मी वाचते. माझा आवाज मुळात लहान आहे. वर्गातसुद्धा शेवटच्या बाकापर्यंत तो पोचायला वेळ लागतो. “मुंगीशी बोलते काय? लिहून दे.” मग मी मराठीत लिहून द्यायचं. स्वतः मात्र ते एक अक्षर लिहीत नाहीत. आकडे डोक्यात असले पाहिजेत, वहीत ठेवायला ते काय किराणा आहेत, असं म्हणतात.

मला सगळ्यात जास्त राग यायचा तो स्कार्फवरून. आमच्याकडच्या उन्हात स्कूटीवर प्रत्येक मुलगी डोळे सोडून सगळा चेहरा बांधते. मी शाळेतून आले की काका दुकानातून ओरडायचे, “ते फडकं सोड तोंडावरचं, मंग बोल.” भर रस्त्यात. मी काय बांधावं हे सांगणारे हे कोण? मी मान खाली घालून घरात जायची आणि आत गेल्यावर त्यांना पाच-सहा कडक उत्तरं द्यायची. मनातल्या मनात.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, त्याच्या गाडीसाठी अँप आणि दोन सबवुफर आणले. गाडी शेगावपर्यंत प्रवासी नेते. आवाज दणदणीत असला तर लग्नाची बुकिंगं मिळतात, असा त्याचा हिशेब. कागद मीच वाचला. त्यात स्पष्ट होतं, की वुफरचा विजेला होणारा अडथळा चार ओहमच्या खाली गेला तर हा अँप चालवू नये. काकांनी बोटं दाखवून समजावलं. चार-चार ओहमचे दोन्ही वुफर एकामागे एक जोडले तर आठ ओहम होतात, आवाज थोडा कमी पण अँप थंड. शेजारी-शेजारी जोडले तर दोनच ओहम, आवाज जास्त आणि अँपचा जीव जातो. त्यांनी आठ जोडले. लाल थेंब लावले. दादा तोंड पाडून घरी आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. दादा अंगणात डिकी उघडून बसला होता, फोन मांडीवर, फोनमध्ये कोणीतरी हिंदीत वायरी कशा बदलायच्या ते दाखवत होतं. त्याने जोड बदलले. मग आत आला, माझ्या ड्रॉवरमधली बाटली घेतली आणि प्रत्येक स्क्रूवर थेंब लावले. नीट. काकांपेक्षाही नीट. मला पाहून म्हणाला, “सांगशील त पाह्य.” मी काही सांगितलं नाही. मी कधीच काही सांगत नाही.

आठ दिवसांनी शेगावच्या वाटेवर, वरवट बकालच्या अलीकडे डिकीतून धूर निघाला. प्रवासी घाबरून रस्त्यावर उतरले. अँप जळला, गालिचा काळा झाला. पण बॅटरीजवळचा फ्यूज उडाला आणि गाडी वाचली. तो फ्यूज काकांनी बसवलेला. दादाने हे कोणाला सांगितलं नाही. त्याने स्टँडवर सांगितलं की म्हाताऱ्याने जोडणीच चुकवली, सील जसंच्या तसं आहे, येऊन पाहा. ड्रायव्हर आले, पाहून गेले. सील खरंच जसंच्या तसं होतं. त्या आठवड्यात काकांकडे एकही गाडी लागली नाही.

मी वाट पाहत होते काका कधी ओरडतील याची. भिंतीपलीकडून आवाज आला नाही. मिक्सरवरसुद्धा नाही.

एका संध्याकाळी मी त्यांच्या दुकानात गेले. ते माझ्याकडे पाठ करून बाकावर बसले होते. मी हाक मारली, त्यांनी वळून पाहिलं नाही. पुन्हा मारली. रस्त्यावरून एक ट्रक कानठळ्या बसवणारा हॉर्न वाजवत गेला. मी दचकले. काकांचा खांदासुद्धा हलला नाही. पुढे जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी सवयीने माझ्या तोंडाकडे पाहिलं, डोळ्यांकडे नाही. तोंडावर स्कार्फ होता.

मग मला सगळं एकदम कळलं. डिकीवरचा तळहात. लिहून दे. मुंगीशी बोलते काय. ते फडकं सोड. इतकी वर्षं मी ज्या माणसाला मनात उत्तरं देत होते, त्याला मी मोठ्याने दिली असती तरी ती पोचली नसती.

“इंग्लिश,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हळू बोलले, “आठच होते ना व? मोजलं होतं ना मी? मले आठवते की मोजलं. पन सील माह्यंच आहे.”

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही कळलं नाही. मी घरी आले. दादा जेवत होता. त्याच्या ताटात मी भाकरी आपटली. राग आला होता. त्याच्यावर की माझ्यावर, ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना दुकानासमोर गर्दी दिसली. दादा आणि स्टँडवरचे तीन ड्रायव्हर होते. दादा हसत सांगत होता की काकांनी आता फक्त हॉर्न आणि वायपर करावं, मोठ्या कामात हात घालू नये. काका ऐकत नव्हते, पाहत होते, एकेकाच्या तोंडाकडे. आणि मान हलवत होते.

“खरं आहे,” ते म्हणाले. “चुकलं असन माह्यं. कोनाची गाडी पेटली असती त? वुफरचं काम बंद केलं म्या.”

त्यांना मी दिसले. ते पायरी उतरून आले. खिशातून लाल बाटली काढून माझ्यापुढे धरली. बूच पुसून स्वच्छ केलं होतं.

“घे. मले आता लागत नाई.”

मी बाटली घेतली नाही. स्कार्फच्या आत मी काहीतरी म्हणाले.

“काय?” काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. “मुंगीशी बोलते काय?”

दादा माझ्याकडे पाहत होता. मी स्कार्फची गाठ सोडली, सगळा स्कार्फ काढला, काकांच्या अगदी समोर उभी राहिले, आणि रस्त्याच्या पलीकडच्या रसवंतीवाल्यानेही मान वर करून पाहावं इतक्या मोठ्याने म्हणाले,

“काका, आठच होते. वायरी दादानं बदलल्या, अन् सील माह्या बाटलीनं लावलं. म्या पाह्यलं.”